लेनापे भोळे नव्हते : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

(काका म्हटलेलं चालेल ना? तुमची तीस वर्षं दुय्यम निबंधक कचेरीत दस्त नोंदवण्यात गेली असं तुम्ही लिहिलंय, त्या हिशेबाने म्हणतोय.)

तुमची प्रतिक्रिया येऊन दहा दिवस झाले. खाली दोन ओळींत आभार मानून मोकळं होता आलं असतं. पण तुम्ही बोट ठेवलंत तिथे माझ्या लेखाचं खरंच दुखतंय. म्हणून उत्तर लांबत गेलं आणि आता वेगळंच टाकतोय.

ज्यांनी आधीचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डेलावेअर नदीचं खोरं, म्हणजे आजचं न्यू जर्सी, पूर्व पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्कचा दक्षिणेकडचा भाग, हा लेनापे लोकांचा मुलूख. तिथे आलेल्या युरोपियनांनी त्यांच्याशी जमिनीचे जे करार केले त्यांवर मी लिहिलं होतं आणि १७३७ च्या ‘वॉकिंग पर्चेस’ला (माणूस ठरलेल्या वेळात चालत जाईल तिथवरची जमीन घेण्याच्या व्यवहाराला) सरळ फसवणूक म्हटलं होतं. त्यावर काकांचं म्हणणं असं: सही आहे, साक्षीदार आहेत, मोबदला पोचलाय, मग दस्त खोटा कसा? लेनाप्यांना जमिनीची मालकी ही कल्पनाच ठाऊक नव्हती असं एका परिच्छेदात लिहायचं आणि पुढच्याच परिच्छेदात त्यांची मालकी लुबाडली म्हणून गळा काढायचा, हे दोन डगरींवर पाय ठेवणं झालं. पेनसिल्व्हेनिया वसाहत वसवणाऱ्या विल्यम पेनने निदान पैसे तरी मोजले. आणि तीनशे वर्षांपूर्वीच्या व्यवहाराला आजची फूटपट्टी लावू नये.

दोन डगरींचा मुद्दा मान्य. अगदी शंभर टक्के. ‘त्यांना मालकी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं’ हे वाक्य मी विचार न करता लिहिलं. इतक्या ठिकाणी वाचलंय की हात आपोआप तेच लिहून गेला. ते चुकीचं आहे, आणि माझ्या मते नुसतं चुकीचं नाही, ज्यांनी जमीन घेतली त्यांच्या फार सोयीचंही आहे. फसवणूक म्हटली की फसवणारा शोधावा लागतो. गैरसमज म्हटला की कुणाचंच काही चुकत नाही, बिचाऱ्यांना कळलं नाही, झालं.

लेनाप्यांना मालकी कळत होती, फक्त ती तुमच्या-माझ्या सातबाऱ्यासारखी नव्हती. कुठल्या गावाची शिकारीची हद्द कुठवर, कुठल्या घराण्याने कुठल्या ओढ्याकाठी जायचं, वसंतात शॅड मासे नदीत चढतात तेव्हा कुणी कुठे बांध घालायचा, हे सगळं ठरलेलं असे. मका, घेवडा, भोपळा यांची शेतं बायका करत आणि वंशही आईकडून चाले. बाहेरच्याला येऊन राहायचं तर परवानगी घ्यावी लागे, भेटी द्याव्या लागत, आणि संबंध टिकवायचा तर त्या पुन्हा पुन्हा द्याव्या लागत. तुमच्या भाषेत सांगायचं तर वहिवाटीचा हक्क देता येई, पण माणूस आपल्या मुलखातून कायमचा उठून जाईल असा व्यवहार त्यात नव्हता.

म्हणून सुरुवातीच्या डच काळात एकच जागा दोनदा-तीनदा ‘विकलेली’ दिसते. मॅनहॅटनचं तर खरेदीखतच उपलब्ध नाही. पीटर शागेन नावाच्या अधिकाऱ्याचं ५ नोव्हेंबर १६२६ चं पत्र आहे, त्यात बेट साठ गिल्डरच्या मालाला घेतलं एवढी ओळ आहे. बेट चोवीस डॉलरला गेलं ही नेहमी सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे त्या ओळीवर नंतर चढवलेला मजला. मला त्याहून स्टेटन आयलंडचा दस्त आवडतो. तुम्हालाही आवडेल. ते बेट आधी डचांना विकून झालं होतं, तरी लेनापे तिथून हलले नव्हते. १६७० मध्ये इंग्रज गव्हर्नर लव्हलेसने ते परत विकत घेतलं आणि या खेपेला मोठ्यांच्या निशाण्यांखाली मुलांच्याही निशाण्या घेतल्या. त्यात पाच-सहा वर्षांची पोरंसुद्धा आहेत. वारसांची संमती! म्हणजे पुढची पिढी येऊन पुन्हा मागणी करणार हे गव्हर्नरला पक्कं ठाऊक होतं. दोन्ही बाजू एकमेकांना चांगल्याच ओळखायला लागल्या होत्या. अशा लोकांना १७३७ मध्ये, युरोपियनांशी शंभरावर वर्षं व्यवहार करून झाल्यावर, ‘विक्री कळत नव्हती’ म्हणणं हा त्यांचा अपमानच आहे. तो मी केला. माफी.

आता पेनने पैसे मोजले याबद्दल. मोजले, त्यात वाद नाही. राजा दुसऱ्या चार्ल्सवर पेनच्या वडिलांचं १६,००० पौंडांचं देणं होतं, ते फिटावं म्हणून १६८१ मध्ये त्याने पेनला पेनसिल्व्हेनियाचा अख्खा प्रदेश सनदेने देऊन टाकला. राजाने कर्ज फेडलं ते दुसऱ्याच्या जमिनीतून. पण सनद हातात असूनही लेनाप्यांकडून वेगळी खरेदी करायची असं पेनने ठरवलं, आणि त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. १५ जुलै १६८२ चा पहिला दस्त त्याचा प्रतिनिधी मार्कहॅम याने केला. त्यातली मोबदल्याची यादी वाचताना मला गंमत वाटते: ३५० वाव वॅम्पम (शिंपल्यांच्या मण्यांच्या माळा), २० पांढरी ब्लँकेटं, २० बंदुका, २० पातेली, ४० कुऱ्हाडी, ४० कुदळी, ४० कंगवे, २०० सुऱ्या, १०० आऱ्या, रम, सायडर आणि बिअरची दोन-दोन पिंपं, शिवाय ३०० गिल्डर. आणि मध्येच ‘दोन मुठी गळ’, ‘दोन मुठी सुया’. बंदुका मोजून आणि गळ मुठीने! मी हे वाचलं तेव्हा कुणीतरी पोत्यात हात घालून मूठ भरतोय आणि समोरचा ‘अजून एक’ म्हणतोय असं चित्र डोळ्यांपुढे आलं.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट १६८३ मध्ये, पेनने लंडनच्या व्यापाऱ्यांना लांबलचक पत्र लिहिलं. सरदार मधोमध बसतो, त्याच्या दोन्ही बाजूंना वडीलधारे अर्धचंद्रासारखे बसतात, मागे तरुण मंडळी, असं लेनाप्यांच्या सभेचं वर्णन त्यात आहे. खरेदी ठरल्यावर सूर्य उगवतोय तोवर इंग्रज आणि इंडियन (म्हणजे तिथले मूळ रहिवासी) प्रेमाने शेजारी राहतील, अशा आणाभाका झाल्या असंही तो लिहितो. हे महत्त्वाचं. शेजार हा मोबदल्याचाच भाग होता आणि तसं खुद्द खरेदीदार लिहून ठेवतोय. शॅकमॅक्सन गावी एल्म झाडाखाली पेन आणि लेनाप्यांमध्ये झालेल्या प्रसिद्ध तहाचा मात्र कागद नाही. बेंजामिन वेस्टचं चित्र आहे, ते नव्वद वर्षांनंतरचं. तेव्हा पेन बरा होता, हे मी मूळ लेखातही म्हटलं होतं. पण १७३७ चा व्यवहार त्याने केलेला नाही. तो १७१८ मध्ये वारला. केला त्याच्या मुलांनी.

आता दस्ताकडे येऊ. तुम्ही कचेरीतल्या टेबलामागे बसलाय असं समजा.

मुलगा थॉमस पेन कर्जात आहे. त्याला जमीन विकून पैसा उभा करायचाय आणि लिहाय व डेलावेअर नद्यांच्या संगमाजवळची जमीन, जिला ‘फोर्क्स’ म्हणतात, तो विकायला लागलाही आहे. अडचण एवढीच की ती अजून लेनाप्यांकडून घेतलेली नाही. तिथे न्यूटिमस आणि त्याचे लोक राहताहेत. मग पेन कुटुंबाचा कारभारी जेम्स लोगन १६८६ चा एक कागद पुढे करतो. त्यात म्हटलंय की माणूस दीड दिवसात चालत जाईल तिथवरची जमीन लेनाप्यांनी विल्यम पेनला दिली. हा कागद मूळ दस्त नव्हे, नक्कल आहे. तिच्यावर सह्या नाहीत. मूळ कुठे आहे? सापडत नाही. चालायचं कुठल्या दिशेने? ती जागा कोरी. आणि १६८६ मध्ये विल्यम पेन होता इंग्लंडात. काका, असा कागद घेऊन कुणी तुमच्यापुढे आला असता तर तुम्ही त्याला चहा तरी पाजला असता का?

बरं, नुसत्या नकलेवर भागलं नाही. २५ ऑगस्ट १७३७ रोजी न्यूटिमस, लॅपोविन्सो, टीशाकोमिन आणि मनॉकीहिकन यांच्याकडून त्या जुन्या कागदाला मान्यता देणारा नवा दस्त करून घेतला गेला. तुम्ही म्हणता त्या सह्या या. त्यासाठी त्यांना एक नकाशा दाखवला होता. तो असा काढला होता की नकाशावरची रेघ म्हणजे टोहिकन ओढा असं लेनाप्यांना वाटावं, तर नाव मात्र लिहाय नदीचं लागू व्हावं, असं इतिहासकारांनी दाखवून दिलंय. टोहिकन दक्षिणेला आहे आणि तिथवरची जमीन द्यायला कुणाची ना नव्हती. चतुःसीमेत ओढ्याच्या जागी नदी. दीड दिवस रमतगमत चाललं, दुपारी खायला बसलं, चिलीम ओढली, तर माणूस साधारण कुठवर जाईल याचा अंदाज दोन्ही बाजूंना होता. आधीचे सौदे तसेच झाले होते. पेन मंडळींनी तर १७३५ मध्येच गुपचूप एक चाचणी चाल करून घेतली होती, दीड दिवसात जास्तीत जास्त किती पल्ला गाठता येईल ते बघायला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे.

१९ सप्टेंबर १७३७. सूर्य उगवायच्या सुमाराला राइट्सटाउनहून तिघे निघाले: एडवर्ड मार्शल, जेम्स येट्स, सॉलोमन जेनिंग्ज. तिघेही निवडून काढलेले, रानात वाढलेले गडी. जो सर्वांत लांब जाईल त्याला पाच पौंड आणि पाचशे एकर. वाट आधीच झाडंझुडपं तोडून साफ केलेली. बरोबर घोड्यांवर खाणंपिणं, शेरीफ टिमथी स्मिथ घड्याळ घेऊन. नदीच्या काठाकाठाने जायचं सोडून सरळ वायव्येला आत घुसले. सोबत आलेले लेनापे ‘अरे, चाला, पळू नका’ म्हणत राहिले आणि शेवटी वैतागून परत फिरले. ना चिलीम ओढायला बसले, ना एखादी खार मारली, दिवसभर नुसते पळत सुटले, ही त्यांची तक्रार नंतरच्या जबान्यांमधून आपल्यापर्यंत आली आहे. मला या सगळ्या प्रकरणात हे वाक्य सर्वांत बोलकं वाटतं. खार मारणं हा चालण्याचा भाग आहे! ज्याला चालणं म्हणजे काय ते ठाऊक आहे तो असंच बोलेल.

जेनिंग्ज पहिल्याच दिवशी गळाला. येट्स दुसऱ्या दिवशी कोसळला. मार्शल दुपारपर्यंत रेटत राहिला आणि साठेक मैल गेला. आता तुमच्यातल्या मोजणीवाल्याला विचारतो. चालण्याचा शेवटचा बिंदू मिळाला, तिथून डेलावेअर नदीपर्यंत हद्दीची रेघ ओढायची आहे. लेनाप्यांच्या समजुतीने ती जवळच्या काठाला सरळ जायला हवी होती. कागदात तिथेही मोघम. पेनच्या मोजणीदारांनी काटकोन केला आणि रेघ ईशान्येला पार लॅकवॅक्सनपर्यंत नेली. त्या एका काटकोनाने क्षेत्र किती फुगलं असेल? शेवटचा आकडा सुमारे १,२०० चौरस मैल. साडेसात लाख एकरांच्या वर.

इथे मालकीच्या कल्पनेचा गैरसमज कुठे आला? दस्तात काय विकलंय ते लेनाप्यांना व्यवस्थित कळत होतं. मोजणी खोटी होती.

पुढचा डाव तर याच्याही वरचा. न्यूटिमसचे लोक जागा सोडेनात. तेव्हा जुलै १७४२ मध्ये फिलाडेल्फियाच्या सभेत पेनच्या माणसांनी इरोक्वॉय संघाचा (उत्तरेकडच्या सहा जमातींच्या बलाढ्य संघाचा) प्रवक्ता कॅनसटेगो याला पुढे केलं. त्याने लेनाप्यांना सर्वांसमोर झाडलं: आम्ही तुम्हाला जिंकलंय, तुम्हाला बायका करून टाकलंय, बायकांना जमीन विकता येत नाही, तुम्हीही विकू शकत नाही, चालते व्हा. लेनापे गेले, पेनसिल्व्हेनियातच सस्क्वेहॅना नदीकाठच्या वायोमिंग आणि शॅमोकिनकडे. (ज्या समाजात शेत आणि वंश दोन्ही बाईकडून चालतं त्याला ‘तुम्ही बायका, तुमचा जमिनीशी काय संबंध’ म्हणून हाकलायचं, हा विनोद तेव्हा कुणाच्या लक्षात आला होता की नाही कोण जाणे.) पण तुम्ही दस्ताच्या नजरेने बघा. लेनाप्यांना विकण्याचा अधिकारच नव्हता, तर पाच वर्षांपूर्वीच्या ज्या सह्या तुम्ही मला दाखवताय त्यांची किंमत काय? आणि अधिकार होता, तर कॅनसटेगोचा हुकूम कशाच्या जोरावर? पेन कुटुंबाने दोन्ही एकाच वेळी खरं धरलं. दोन डगरींवर पाय म्हणाल तर तो इथे आहे.

आता फूटपट्टी. ही आजची नव्हे. नोव्हेंबर १७५६ मध्ये त्याच फोर्क्समधल्या ईस्टन गावच्या सभेत लेनापे पुढारी टीडियुस्कंग गव्हर्नर डेनीसमोर उभा राहिला. फ्रेंचांशी युद्ध चालू होतं, सरहद्दीवरची गोऱ्यांची घरं जळत होती आणि तुम्ही आमच्यावर का उठलात असं गव्हर्नर विचारत होता. टीडियुस्कंगने पाय आपटला आणि म्हणाला, उदाहरणासाठी लांब जायला नको, माझ्या पायाखालची हीच जमीन माझी, माझ्या वारशाची, आणि ती माझ्याकडून फसवणुकीने घेतली गेली. फसवणूक म्हणजे काय, असं विचारल्यावर त्याने जे सांगितलं त्याचा सारांश देतो: एखाद्याला जमीन विकत घ्यायची मुभा असते, तो इंडियनांकडून दस्त घेतो आणि मरतो. मग त्याची पोरं खऱ्यासारखाच दुसरा दस्त बनवतात, त्यावर त्याच इंडियनांची नावं घालतात आणि न विकलेली जमीन घेतात. ही फसवणूक. काका, बनावट दस्ताची इतकी नेटकी व्याख्या मी तरी दुसरीकडे वाचलेली नाही. आणि ज्याला स्वतःला वाचता येत नव्हतं अशा माणसाने ती केली आहे.

पुढच्या वर्षीच्या बैठकीत तर त्याने मागणी घातली की बोलणी लिहून घ्यायला मला माझा स्वतःचा कारकून हवा. सरकारी बाजूने खूप आढेवेढे घेतले, शेवटी मिळाला. फिलाडेल्फियातल्या क्वेकरांच्या (पेनच्याच शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या) शाळेतला एक शिक्षक, चार्ल्स थॉमसन. हाच पुढे काँटिनेंटल काँग्रेसचा, म्हणजे इंग्लंडविरुद्ध उठलेल्या वसाहतींच्या प्रतिनिधी सभेचा, सचिव झाला. थॉमसनने १७५९ मध्ये या सगळ्या व्यवहारांची चिरफाड करणारं पुस्तक छापलं, आणि त्याच वर्षी बेंजामिन फ्रँकलिनने लंडनला राजाकडे अर्ज केला. तेव्हा त्या काळच्याच फूटपट्टीने मोजणारे लोक त्या काळी होते. क्वेकर होते, फ्रँकलिन होता, आणि ज्यांची जमीन गेली ते तर होतेच.

निकाल? अर्ज चौकशीसाठी गेला मूळ रहिवाशांशी व्यवहार बघणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याकडे, सर विल्यम जॉन्सनकडे, ज्याचा सगळा डोलारा इरोक्वॉयांच्या मैत्रीवर उभा होता. १७६२ मध्ये ईस्टनला टीडियुस्कंगने आरोप मागे घेतला. दबाव, भेटवस्तू, दारू, सगळंच होतं. तुम्ही या मागे घेण्याचा उल्लेख केला नाहीत, केला असतात तर तो तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा ठरला असता, म्हणून मीच करतोय. एप्रिल १७६३ मध्ये झोपेत असताना त्याच्या घराला आग लागली आणि तो जळून मेला.

नंतरचं मी भराभर सांगतो. १७७८ मध्ये फोर्ट पिटला अमेरिकेच्या नव्या सरकारने लेनाप्यांशी तह केला. एखाद्या मूळ रहिवासी राष्ट्राशी अमेरिकेने केलेला हा पहिला लेखी तह. इतर मित्रजमातींसह त्यांचं वेगळं राज्य होऊ शकेल आणि काँग्रेसमध्ये त्यांचा प्रतिनिधी बसेल असंही त्यात होतं. चार वर्षांत, मार्च १७८२ मध्ये, ग्नाडनहुटनला पेनसिल्व्हेनियाच्या मिलिशियाने ९६ ख्रिस्ती लेनाप्यांना ठार मारलं. त्यानंतर ओहायो, इंडियाना, कॅन्सस, ओक्लाहोमा, दर मुक्कामाला एक नवा कागद. काही उत्तरेला कॅनडात ऑन्टॅरिओत गेले, काही विस्कॉन्सिनात.

तुम्ही विचारलंत की एवढी फसवणूक होती तर कोर्टात का गेले नाहीत. गेले की! ओक्लाहोमातल्या डेलावेअर नेशनने (डेलावेअर हे लेनाप्यांचंच इंग्रजी नाव) २००४ मध्ये फोर्क्स टाउनशिपमधल्या ३१५ एकरांसाठी दावा लावला. ही जमीन १७३८ मध्ये टाटामी नावाच्या लेनापे माणसाला मिळाली होती. आज तिच्यावर क्रेयोला कंपनीचा कारखाना उभा आहे, तोच, रंगीत खडूवाला. (तिथे त्यांना कॅसिनो काढायचा होता असं तेव्हा छापून आलं होतं. असेल. जमीन ज्याची तो तिथे काय करणार यावर मालकी ठरत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार.) २००६ मध्ये अपील कोर्टाने दावा फेटाळला. वॉकिंग पर्चेस फसवणुकीची होती हे वादीचं म्हणणं खरं धरूनच कोर्ट चाललं. पण सार्वभौम सत्तेने मूळ रहिवाशांचा हक्क कसा संपवला, कुठल्या मार्गाने आणि केव्हा, हे तपासणं न्यायालयाचं काम नाही, असं ते म्हणाले. सुप्रीम कोर्टाने पुढे ऐकायला नकार दिला. म्हणजे तुमचा ‘दस्त खरा होता’ हा बचाव कोर्टाला लागलाच नाही. दस्त खोटा असला तरी जमीन गेलीच.

मागच्या उन्हाळ्यात मुलीला घेऊन ईस्टनला गेलो होतो. तिथे क्रेयॉनचं मोठं दालन आहे, वितळलेल्या मेणाचा वास बाहेर पडल्यावरही कपड्यांना येत राहतो. परतताना वाट वाकडी करून राइट्सटाउनला थांबलो. चाल जिथून सुरू झाली तिथे दगड रचलेत आणि त्यावर लिहिलंय की हे दगड लेनापे लोकांच्या स्मरणार्थ, जे या प्रदेशाचे प्राचीन मालक होते. ‘मालक’ हाच शब्द आहे. बक्स काउंटीच्या इतिहास मंडळाने १८९० मध्ये तो कोरून घेतलाय. माझ्याआधी सव्वाशेहून जास्त वर्षं त्यांना जे नीट लिहिता आलं ते मला लेखात लिहिता आलं नव्हतं.

मूळ लेखातलं ते वाक्य मी खोडलंय. पुसून टाकलं नाही, खोडल्याची रेघ दिसेल असं ठेवलंय आणि बाजूला तारीख घातली आहे. तुमच्याकडे दस्तात खाडाखोड झाली की तसंच करतात ना? बाजूला सही राहिली असेल तर सांगा.

आणि हो, मार्शलला बक्षीस मिळालं का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. पाचशे एकर आपल्याला कधी मिळालेच नाहीत अशी त्याची तक्रार होती.